‘एका दिवशी एक पार्क’ म्हणजे ‘एकच पार्क’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत थीम पार्कच्या सहलींविषयी अलीकडे आलेला लेख मी आस्थेने वाचला. राहण्याची सोय, विमानप्रवास आणि हवामान यांची माहिती त्यात नीट दिली होती. मात्र प्रवेशाच्या तिकिटांविषयी लेखकाने, शक्य असेल तर अनेक पार्कांत चालणारे तिकीटच घ्यावे, एवढे सुचवून विषय संपवला. अशा सहलीत तिकिटे हा खर्चाचा एक मोठा भाग असतो आणि तो सहसा निघण्याच्या कितीतरी आधी, घाईत आणि दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून केला जातो. आमच्या कुटुंबाने तो असाच केला होता. म्हणून या एका वाक्याला थोडे सविस्तर उत्तर द्यावे असे मला मनापासून वाटले.

आम्ही सहा जण फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पाच दिवसांसाठी गेलो होतो. सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला सांगितले की साधे तिकीट एका पार्कचे असते आणि तुम्हाला तिथले चारही पार्क पाहायचे असतील तर ‘पार्क हॉपर’ हे अनेक पार्कांत चालणारे तिकीट घ्यावेच लागेल. आम्ही ते खरे मानले आणि सहाही जणांसाठी जादा पैसे भरले. ते विधान चुकीचे होते हे तिथे पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी कळले. साध्या तिकिटावर एका दिवशी एकाच पार्कात जाता येते हे खरे; पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या पार्कात जायला काहीच आडकाठी नसते. चार दिवसांच्या साध्या तिकिटात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम ही चारही पार्के प्रत्येकी एक दिवस पाहून होतात. हॉपरचा अधिकार एवढाच, की एकाच दिवसात एका पार्कातून निघून दुसऱ्यात प्रवेश करता येतो. ‘सिंगल पार्क’ या शब्दांनी होणारा हा गैरसमज मी नंतर अनेक ओळखीच्या कुटुंबांत पाहिला आहे, आणि माझ्या मते जादा खर्चाचे सर्वांत मोठे मूळ तेच आहे.

आता त्या अधिकाराचा प्रत्यक्ष उपयोग किती होतो ते पाहावे. डिस्ने वर्ल्डची जागा सुमारे २५,००० एकरांची आहे. चार पार्क एका आवारात शेजारी शेजारी उभे आहेत असे जे चित्र मनात असते, त्याचा वास्तवाशी संबंध नाही. मॅजिक किंगडम १९७१ साली उघडले, एपकॉट १९८२ साली, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ साली (तेव्हा त्याचे नाव वेगळे होते) आणि अ‍ॅनिमल किंगडम १९९८ साली. म्हणजे सत्तावीस वर्षांच्या काळात, एकमेकांपासून अंतरावर ती बांधली गेली. मॅजिक किंगडमहून एपकॉटला मोनोरेलने जाता येते, पण वाटेत एकदा गाडी बदलावी लागते. अ‍ॅनिमल किंगडमला मोनोरेलही जात नाही आणि रोपवेही जात नाही. तिथे बसने किंवा मोटारीनेच पोहोचावे लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मॅजिक किंगडममधून निघून अ‍ॅनिमल किंगडमला जायचे ठरवले. पार्काच्या आतल्या भागातून दरवाजापर्यंत चालणे, बसची वाट, बसचा प्रवास, पुन्हा बॅगांची तपासणी, पुन्हा तिकीट दाखवण्याची रांग, आणि मग आत शिरल्यावर नकाशा उलगडून कुठे जायचे याचा विचार, असे करत करत पहिल्या पार्कातील शेवटची राइड आणि दुसऱ्या पार्कातील पहिली राइड यांच्यात आमचा जवळजवळ दीड तास गेला. त्या दीड तासात आमची लहान नात बाबागाडीत झोपून गेली आणि सासूबाईंचे पाय सुजले. शिवाय अ‍ॅनिमल किंगडम इतर पार्कांपेक्षा बहुधा लवकर बंद होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पोहोचलो तेव्हा हाती फार वेळ उरला नव्हता, आणि जे प्राणी पाहायला आलो होतो ते पाहण्याच्या वाटेवर मोठी रांग होती.

याउलट चौथ्या दिवशी हॉपरचा आम्हाला खरोखर उपयोग झाला, हेही सांगितले पाहिजे. सकाळी लवकर हॉलिवूड स्टुडिओजमध्ये जाऊन मुलांना हव्या असलेल्या राइड आटोपल्या आणि दुपारनंतर ‘स्कायलायनर’ या २०१९ साली सुरू झालेल्या रोपवेने, मधल्या स्थानकावर पाळणा बदलून, आम्ही एपकॉटच्या मागच्या दरवाजाशी उतरलो. तो दरवाजा थेट ‘वर्ल्ड शोकेस’मध्ये उघडतो. तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत; सकाळी पार्क उघडते तेव्हा ती बहुतेक बंदच असतात आणि त्यांची खरी शोभा संध्याकाळी असते. रांगेत उभे न राहता नुसते चालत, बसत, दिवे लागताना पाहत तिथे संध्याकाळ घालवता येते. याच दोन पार्कांमध्ये होडीही चालते आणि पायवाटही आहे. म्हणून हॉपरविषयी मत बनवताना चार पार्कांचा एकत्र विचार करणे चूक आहे, असे मला वाटते. कोणत्या दोन पार्कांमध्ये आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जायचे आहे, हे आधी ठरवता आले तरच त्याला अर्थ आहे. ज्यांना ते घरी बसून सांगता येत नाही, त्यांनी ते घेऊ नये.

आणि ते आधी घेण्याची गरजही नसते, हा मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. साधे तिकीट घेऊन गेलेल्या माणसाला सहलीच्या मध्येच, तिकिटाचे दिवस संपण्यापूर्वी, फरकाची रक्कम भरून ते हॉपरमध्ये बदलून घेता येते. हॉपर घेऊन गेलेल्या माणसाला मात्र ते न वापरल्याबद्दल फरक परत मिळत नाही. हे दार एकाच बाजूने उघडते. असे असताना अधिक खर्चाचे तिकीट महिनोन्महिने आधी घेऊन ठेवण्यात कोणता शहाणपणा आहे? पहिले दोन दिवस साध्या तिकिटावर काढावेत, आपल्या माणसांची चाल, मुलांची झोप, उन्हाचा त्रास पाहावा आणि मग ठरवावे. आम्हाला हे कोणी सांगितले असते, तर आम्ही हॉपर घेतलेच नसते किंवा फार तर दोघांसाठी घेतले असते.

या ‘दोघांसाठी’ विषयी थोडे अधिक लिहिते, कारण त्याचा विचार फारसा कोणी करत नाही. कुटुंबातील सर्वांची तिकिटे एकाच प्रकारची असावीत असा कुठलाही नियम नाही. आजी-आजोबांना आणि तान्ह्या मुलांच्या आईला दिवसभरात दुसरे पार्क नको असते. ते दुपारी खोलीवर परत जातात आणि ते योग्यच असते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मात्र पायांत बळ असते आणि उत्साहही असतो. त्यांच्यापुरता हॉपर घेतला तर कुणाचेच बिघडत नाही. डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, पण दहाव्या वर्षापासून पूर्ण प्रौढ तिकीट भरावे लागते, त्यामुळे हॉपरचा अधिभार माणशी धरला की मोठ्या कुटुंबात त्याची बेरीज बरीच मोठी होते. त्याच वेळी, तिकिटाचे दिवस वाढत जातात तसा दर दिवसाचा खर्च कमी होत जातो, आणि चौथ्या-पाचव्या दिवसानंतर आणखी एक दिवस घेण्याची किंमत अनेकदा हॉपरच्या अधिभारापेक्षा कमी भरते. मुक्कामाचा खर्च त्यात अर्थातच मिळवावा लागेल. पण ज्यांचा मुक्काम तसाही ठरलेला आहे, त्यांनी एका दिवसात दोन पार्क कोंबण्यापेक्षा एक दिवस वाढवून घेणे कितीतरी चांगले. चार दिवसांचे तिकीट सलग चार दिवस वापरावे लागत नाही, ते सात दिवसांच्या मुदतीत वापरता येते. मधला एक दिवस कुठेही न जाता काढता येतो, आणि मुलांबरोबर जाणाऱ्यांना त्या रिकाम्या दिवसाची किंमत तिसऱ्या संध्याकाळी कळते.

हॉपरचा अधिकारही नेहमी सारखाच राहिलेला नाही. महासाथीमुळे २०२० साली पार्क बंद झाली. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये एका पार्कातून दुसऱ्यात जाण्याची सोय पुन्हा सुरू झाली, तेव्हा दुपारी दोन वाजेपर्यंत दुसऱ्या पार्कात जाता येत नसे. दिवसभर केव्हाही जाण्याची मोकळीक ९ जानेवारी २०२४ पासून परत मिळाली. जुन्या अनुभवावरून सल्ला देणाऱ्या नातेवाइकांनी आणि वाचणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. दोन वर्षांपूर्वीचा सल्ला प्रामाणिक असूनही आज लागू नसेल, असे या विषयात वारंवार घडते.

माझे म्हणणे सगळीकडे सारखे लागू पडते असा माझा आग्रह नाही. कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम येथे १९५५ साली उघडलेले मूळ डिस्नेलँड आणि २००१ साली उघडलेले कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर यांची प्रवेशद्वारे एका चौकाच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. तिथे मी वर लिहिलेला दीड तास काही मिनिटांवर येतो. पॅरिसजवळच्या डिस्नेलँडमध्येही दोन्ही पार्क चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अशा ठिकाणी दोन्ही पार्कांचे तिकीट घेणाऱ्याला मी उधळ्या म्हणणार नाही, विशेषतः त्याच्याकडे एकच दिवस असेल आणि दोन्हींतील मोजक्याच गोष्टी पाहायच्या असतील तर. मात्र ज्याला पहिल्यांदाच, लहान मुलांबरोबर आणि एकाच दिवसासाठी अ‍ॅनाहाइमला जायचे आहे, त्याला मूळ डिस्नेलँडच दिवसभर पुरते, हे माझे मत कायम आहे.

फ्लोरिडातल्याच, पण डिस्नेच्या नसलेल्या युनिव्हर्सल ऑरलँडोची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे १९९० साली उघडलेले युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा आणि १९९९ सालचे आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर ही दोन पार्क शेजारी आहेत, आणि २०१४ पासून त्यांना जोडणारी ‘हॉगवर्ट्स एक्सप्रेस’ ही आगगाडी चालते. ही गाडी म्हणजे नुसते वाहन नव्हे. जाताना आणि येताना खिडकीतून दिसणारी दृश्ये निरनिराळी आहेत. पण ती एका पार्कातून दुसऱ्यात नेते, म्हणून तीत बसायला दोन्ही पार्कांचे तिकीट लागतेच. हॅरी पॉटरची पुस्तके पाठ असलेले मूल बरोबर असेल तर या गाडीच्या ‘किंग्ज क्रॉस’ स्थानकाच्या दारातून त्याला परत फिरवणे क्रूरपणाचे आहे, आणि अशा कुटुंबाने निदान एका दिवसापुरते ‘पार्क-टू-पार्क’ तिकीट घ्यावे असे मी निःसंकोच सांगेन. मे २०२५ मध्ये उघडलेले एपिक युनिव्हर्स मात्र या दोघांच्या शेजारी नाही, काही किलोमीटर दूर आहे, आणि ‘पार्क-टू-पार्क’ असे लिहिलेल्या तिकिटात ते धरले आहे किंवा नाही हे तिकिटावरील नावे एकेक वाचूनच ठरवावे.

माझी खरी तक्रार कुठल्याही पार्काविषयी नाही. पार्कांनी आपली तिकिटे कशी विकावीत हा त्यांचा प्रश्न आहे आणि अटी त्यांनी लिहून ठेवलेल्या असतात. तक्रार मधल्या माणसांविषयी आहे, जे सहल आखून देण्याचे पैसे घेतात आणि तरीही ‘दिवसाला एक पार्क’ आणि ‘एकूण एक पार्क’ यांतला फरक ग्राहकाला सांगत नाहीत. आमच्या व्यवस्थापकांना मी परतल्यावर हे पत्राने कळवले. उत्तर सौजन्याचे होते, पण ‘बहुतेक लोक हॉपरच घेतात’ यापलीकडे त्यात काही नव्हते. बहुतेक लोक ते घेत असतील तर त्यातले किती जण ते वापरतात, हे विचारणे त्यांचे काम नाही काय? आम्ही पाच दिवसांत ते दोनदा वापरले, आणि त्यांतले एकदा तर वापरले नसते तर बरे झाले असते. पैसे भरले आहेत तर वसूल केले पाहिजेत, या एकाच विचाराने आम्ही त्या दुपारी झोपेला आलेल्या नातीला बसमध्ये घातले होते.

आपल्या पुरवणीत यापुढे असा लेख येईल तेव्हा तिकिटांसाठी निदान एक परिच्छेद राखून ठेवावा, आणि त्यात साध्या तिकिटावर रोज निराळे पार्क पाहता येते ही गोष्ट पहिल्याच वाक्यात यावी, अशी माझी विनंती आहे. सहल आखणाऱ्या संस्थांनीही आपल्या दरपत्रकात दोन्ही प्रकारच्या तिकिटांची रक्कम माणशी वेगवेगळी दाखवावी. सध्या ती एकूण खर्चात मिसळलेली असते, त्यामुळे हॉपरसाठी आपण नेमके किती भरले हे ग्राहकाला कळतच नाही. आम्हाला तो आकडा परतल्यानंतर, पावत्या मागवून, स्वतः वजाबाकी करून काढावा लागला.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक