विषय : न उडालेल्या विमानाचे उड्डाणशुल्क आकारल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक, उड्डाण प्रशिक्षण संस्था

महोदय,

आपल्या लेखा विभागाशी आज दुपारी फोनवर बोलणे झाल्यानंतर हे पत्र लिहीत आहे. माझ्या याआधीच्या ई-मेलना "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" एवढेच उत्तर येत राहिले. तो संबंधित विभाग म्हणजे लेखा विभागच, हे आज कळले.

खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान ४० तास, त्यांतले २० सोलो, म्हणजे प्रशिक्षकाविना एकट्याने, त्यांत ५ तास सोलो क्रॉस कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे जाण्याचे, आणि त्यांतले एक उड्डाण दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरून किमान १५० सागरी मैलांचे, हे आपणांस मी सांगायला नको. त्याच ४० तासांचे पैसे आपण माझ्याकडून आगाऊ घेतले. आता आपल्या हिशेबाप्रमाणे माझे तास संपले आहेत आणि माझ्या लॉगबुकाप्रमाणे ते संपलेले नाहीत. इंजिन सुरू केल्यापासून विमान हलेपर्यंतच्या मिनिटांवरून मी वाद घालत नाही. विमानातला तास मोजणारा हॉब्स मीटर इंजिनाबरोबर सुरू होतो, एवढे मलाही समजते. माझा वाद ज्या दिवशी विमान जमिनीवरून उठलेच नाही, त्या दिवसाचा आहे.

त्या दिवशी माझी १५० मैलांची सोलो क्रॉस कंट्री ठरलेली होती. मी होल्डिंग पॉइंटला, म्हणजे धावपट्टीवर जाण्याआधी थांबायच्या जागी, पोहोचलो तेव्हा आपल्याच संस्थेचे दुसरे विमान टायर बसल्यामुळे धावपट्टीच्या मधोमध उभे होते, आणि आपल्याकडे धावपट्टी एकच आहे. इंजिन बंद करू का, असे मी रेडिओवर विचारले. "दोन मिनिटांत मोकळं होईल, थांबा" असे उत्तर मिळाले. ऑइल टेम्परेचरचा काटा वर सरकत होता, हेडसेटच्या गाद्यांखालून घाम ओघळत होता, आणि समोर मीटरचे शेवटचे चाक एकेक आकडा पुढे जात होते. शेवटी परत येण्यास सांगण्यात आले. मीटरवर ०.८ तास झाले होते आणि तेवढे तास माझ्या खात्यातून वजा झाले.

आजचे संभाषण मी जसेच्या तसे देतो, कारण ते आपल्यापर्यंत कोणी पोहोचवील असे वाटत नाही. आपले अधिकारी म्हणाले, "सर, मीटर फिरलं ना? मग फ्लाइंग झालं." मी म्हटले, उत्तम, मग ते ०.८ तास माझ्या लॉगबुकात सोलो म्हणून लिहा आणि मुख्य प्रशिक्षकांची सही द्या. त्यावर ते म्हणाले, "तसं कसं लिहिणार सर? विमान तर उडालंच नाही." मी त्यांची ही दोन्ही वाक्ये त्यांना एकापाठोपाठ एक परत ऐकवली. त्यांनी मला होल्डवर टाकले. तिथे आपली ध्वनिमुद्रित बाई "आकाश तुमची वाट पाहत आहे" असे सांगत राहिली. आकाशाने अजून वाट पाहण्याचे शुल्क लावलेले नाही, हे त्याचे उपकारच म्हणायचे. परत आल्यावर साहेब म्हणाले, "सर, तुम्हाला कुठे एअरलाइनमध्ये नोकरी करायचीये? हौस म्हणून शिकताय, एवढं काय मनावर घेता?"

म्हणजे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास भरणाऱ्या मुलांचे तास ते तास, आणि हौशी माणसाचे पैसे मात्र चोख पैसे. विमान तपासणीसाठी हँगरमध्ये गेले की पहिले नाव माझेच कापले जाते, याचेही कारण आज उमगले. ती क्रॉस कंट्री आजतागायत पुन्हा ठरवण्यात आलेली नाही.

आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर जे. आर. डी. टाटा यांचे छायाचित्र आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेला परवाना या देशात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना होता. तेही हौस म्हणूनच शिकले होते, हे आपल्या लेखा विभागाला कोणीतरी सांगावे. ते छायाचित्र पाहूनच मी आपल्याकडे आलो, याचे आज वाईट वाटते.

माझी मागणी साधी आहे. वजा केलेले ०.८ तास माझ्या खात्यात परत जमा करावेत, सर्व उड्डाणांच्या हॉब्स नोंदी व विमानाच्या टेक लॉगमधील (तांत्रिक नोंदवहीतील) नोंदी यांच्या प्रती मला द्याव्यात, आणि रद्द झालेल्या क्रॉस कंट्रीची तारीख लेखी कळवावी. आपल्याकडे आणखी किती विद्यार्थ्यांचे जमिनीवरचे तास हवेतले म्हणून वजा झाले असतील, असा प्रश्न मला पडला आहे. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयालाही पडावा अशी व्यवस्था मी करू शकतो. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी तिथे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. उडालेच नाही त्या विमानाचे पैसे घेतले, एवढे एकच वाक्य तिथे पुरेल.

याविषयी मला यापुढे फोन करू नये. जे सांगायचे ते लेखी सांगावे, आणि खाली सही करणाऱ्याने आपले नाव व हुद्दा लिहावा.

आपला,
एक विद्यार्थी वैमानिक

सोबत : देयकाची प्रत, लॉगबुकाच्या त्या पानाची प्रत