मूड वेगळा, सूर वेगळा

प्रिय सुऱ्या,

नववी-दहावीच्या पोरांना कवितेतला मूड (वाचणाऱ्याच्या मनात उतरतं ते वातावरण) आणि टोन (बोलणाऱ्याचा सूर) कसा शिकवायचा विचारलंस. रसग्रहण म्हटलं की सगळे गाईडमधलं 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' हेच उतरवतात, हे इकडेही तसंच आहे रे. माझं म्हणणं, 'कवीला काय म्हणायचंय' हा प्रश्नच आधी बंद कर. बालकवींची 'औदुंबर' घे, आठच ओळी आहेत, आणि फक्त रंग शोधायला लाव. निळासावळा झरा, हिरवी शेतं, पांढरी पायवाट, आणि ती पायवाट जाते कुठे तर 'काळ्या डोहाकडे'. तिथे थांब, काही समजावू नकोस, कोणीतरी आपणहून म्हणतंच की सर, आता जरा भीती वाटते. हा झाला मूड.

मग विचार, बोलणारा घाबरलाय का? अजिबात नाही! तो 'गोड काळिमा' म्हणतोय, आणि औदुंबर पाण्यात पाय टाकून निवांत बसलाय. आता 'गोड' काढून 'घोर' घाला आणि मोठ्याने वाचा म्हणावं, मात्रा तेवढ्याच राहतात, चाल मोडत नाही, पण सूर पार बदलतो आणि तो कानालाच कळतो, म्हणून तर मनात वाचून टोन शिकवता येत नाही असं माझं ठाम मत आहे.

त्याला जोडूनच कुसुमाग्रजांची 'कणा' वाच. पुरात घर गेलंय, चूल विझलीय, आणि हा माणूस नदीला 'गंगामाई' म्हणतो, ती पाहुणी आली म्हणतो, माहेरवाशिणीसारखी नाचली म्हणतो! ऐकणाऱ्याचा जीव कळवळतो पण त्याच्या बोलण्यात तक्रार म्हणून नाही. मूड आणि टोन एकमेकांच्या उलट दिशेला जाऊ शकतात हे पोरांना इथे पटतं.

आणि हो, 'दुःखी' हे उत्तर घेऊच नकोस. उदास, खिन्न, व्याकूळ, हुरहूर असे शब्द फळ्यावर लिही आणि नेमका कुठला ते निवडायला लाव. दोघांनी वेगळे निवडले तरी चालेल, फक्त कवितेतल्या कुठल्या शब्दावरून ते बोट ठेवून दाखवलं पाहिजे.

बालकवी 1918 मध्ये ऐन तरुणपणी रेल्वेखाली गेले हे मात्र तास संपताना सांग, आधी सांगितलंस तर पोरांना पहिल्या ओळीपासून मरणच दिसायला लागेल आणि तो हिरवा रंग कोणी बघणारच नाही.

तुझा,
बाळ्या