मागच्या डाव्या चाकासाठी: केरीच्या वाटेवरील एका मेकॅनिकला आभाराचे पत्र

आदरणीय बाब,

सादर नमस्कार.

निरोप घेताना आपण मला बजावले होते की आपले नाव कुठेही लिहू नये. म्हणून ते या पत्रात लिहीत नाही. आपल्या गोव्यात ज्या शब्दाने मान देऊन हाक मारतात, त्या 'बाब' या शब्दावरच थांबते. मात्र श्रावणातल्या त्या सकाळी साखळी मागे टाकून केरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपण आमच्या गाडीसाठी, आणि गाडीतल्या तीन जणींसाठी, जे केले ते घरातल्या घरात सांगून संपवावे असे मला वाटत नाही. ते उघडपणे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. मी म्हापशात सोळा वर्षे गाडी चालवते आहे आणि तेवढीच वर्षे ती सर्व्हिसिंगला देते आहे, तरीही चाक गाडीला नेमके कशाने धरून राहते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. माझ्यासारखे आणखी कितीतरी जण असतील.

आम्ही बेळगावला निघालो होतो. चवथीआधी बेळगावला जाऊन बाजार करणे आणि मावशीकडे एक रात्र राहणे हा आईचा अनेक वर्षांचा नेम आहे. त्याच्या पाच दिवस आधी मी गाडीची नेहमीची सर्व्हिसिंग मुद्दाम उरकून घेतली होती. ऑइल आणि फिल्टर बदलले, चारही चाके काढून ब्रेक साफ केले, पुढची चाके मागे आणि मागची पुढे घातली, असे सारे बिलावर व्यवस्थित लिहिलेले होते. ते बिल वाचूनच मी निश्चिंत झाले होते. डिचोली ओलांडल्यावर मागे बसलेली माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, माझ्या सीटखाली कोणीतरी ठोकतंय." मी तिला आधी गप्प बसवले, आणि या गोष्टीची खंत मला आजही आहे. साखळीच्या पुढे वळणावर वेग कमी झाला तेव्हा तो आवाज मलाही ऐकू आला. खडखडीसारखा तो आवाज गाडी सरळ धावू लागली की पुसट व्हायचा आणि वळण आले की पुन्हा उमटायचा. पाऊस कोसळत होता आणि घाट समोर होता. डाव्या हाताला आपल्या गॅरेजचा पत्रा दिसला, म्हणून मी थांबले.

आपण दुसऱ्याच गाडीखाली होतात. हात पुसून बाहेर आलात, माझे अर्धे बोलणे ऐकलेत आणि गाडी हळूहळू दहा पावले पुढे, दहा पावले मागे घ्यायला सांगितलीत. मग मागच्या डाव्या चाकावरची प्लॅस्टिकची टोपी काढलीत. त्यानंतर आपण काहीही न बोलता मला गाडीतून खाली बोलावलेत आणि म्हणालात, "बाय, तुम्हीच हात लावून बघा."

चारपैकी दोन नट माझ्या बोटांनी फिरले. या एका वाक्यासाठीच मी हे पत्र लिहिते आहे, असे म्हटले तरी चालेल. आपण मला नुसते सांगितले असते की नट सैल आहेत, तर मी विश्वास ठेवला असता, पैसे दिले असते आणि महिन्याभरात विसरूनही गेले असते. माझ्या आईला आणि मुलीला घेऊन मी सुमारे 800 मीटर उंचीचा चोर्ला घाट ज्या चाकावर चढणार होते, त्याचे नट माझ्याच बोटांत फिरताना मी अनुभवले. ते मी विसरणार नाही.

तिसरा नट मात्र हलेना, आणि तोच सर्वांत वाईट निघाला. पाना लावल्यावर तो कुरकुरत फिरला आणि थोड्या वेळाने स्टडसकट, म्हणजे ज्यावर नट फिरतो त्या आट्यांच्या दांड्यासकट, तुटून हातात आला. आपण तो आणि त्याच्या शेजारचा एक नट हातावर ठेवून मला दाखवलात. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे होते. आपण समजावून सांगितलेत की आमच्या गाडीचा स्टड 12 मिलिमीटर जाडीचा असून त्याच्या आट्यांमधले अंतर 1.25 मिलिमीटर आहे. बाजारात त्याच जाडीचे, पण 1.5 मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे नटही सर्रास मिळतात, कारण दुसऱ्या काही कंपन्यांच्या गाड्यांना तेच लागतात. असा परका नट हाताने दोन फेऱ्यांच्या पुढे जात नाही, पण हवेच्या दाबावर नट आवळणाऱ्या गनने तो जबरदस्तीने आत घुसवता येतो. मग तो घट्ट बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याची सारी ताकद आट्यांशी झगडण्यात गेलेली असते आणि चाकावर त्याचा दाब पडतच नाही. म्हणजे दोन सैल आणि एक नावापुरता घट्ट; माझे चाक एका नटाच्या भरवशावर म्हापशापासून तिथवर आले होते.

हा नट तिथे कसा आला असेल, असे मी रागाने विचारले. सर्व्हिसिंग कुठे केली तेही सांगू लागले, तेव्हा आपण मला थांबवलेत. "कोणाच्या हातून काय झालं ते मी बघितलेलं नाही. मी बघितला तो नट," एवढेच आपण म्हणालात. दुसऱ्याच्या कामाला नावे ठेवून आपले काम मोठे करून दाखवण्याची इतकी सोपी संधी आपण घेतली नाहीत, याबद्दल मला आपल्याविषयी मनापासून आदर वाटतो. नंतर मी त्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन तो नट दाखवला. त्यांनी तो पाहिला, चूक मान्य केली आणि बिलाचे पैसे परत केले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

साखळीहून नवा स्टड आणि नट आणायला आपल्याकडचा मुलगा भर पावसात स्कूटरवरून गेला. त्या पाऊण तासात आपण ब्रेकचा ड्रम काढून तुटलेला स्टड ठोकून बाहेर काढलात, आणि मग हबच्या, म्हणजे ज्यावर चाक बसते त्या भागाच्या, तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासू लागलात. चाक लवकर बसवायचे सोडून हे कशाला, असे तेव्हा माझ्या मनात आले होते. आपण ब्रश मला दाखवलात. त्याला गंजाचा भुगा आणि इकडच्या रस्त्यांवरची तांबडी माती चिकटलेली होती. गाडीचा भार नट पेलतात, अशी माझी समजूत होती. आपण दोन तळहात एकमेकांवर दाबून दाखवलेत: नट रिमला हबवर दाबून धरतात, आणि भार पेलते ते या दोन सपाट पृष्ठभागांमधले घर्षण. नट आवळला की स्टड केसभर ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो रिमला सतत आत ओढत राहतो. मध्ये गंजाचा किंवा मातीचा थर असला, तर थोडी गाडी धावल्यावर तो चिरडून पातळ होतो, स्टडचा ताण निघून जातो आणि नट कोणी हात न लावताही सुटू लागतो. चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा असलेल्या आपल्या मुलखात हबवर गंज चढणारच. म्हणून चाक काढले की ते तोंड साफ केल्याशिवाय परत लावायचे नाही, असे आपण म्हणालात. शाळेत मुलांना शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. दोन तळहातांनी इतकी कठीण गोष्ट समजावून देणारा माणूस मला फार वेळा भेटलेला नाही.

नवा स्टड बसल्यावर आपण चारही नट माझ्या हातात दिलेत आणि ते बोटांनीच शेवटपर्यंत फिरवायला सांगितलेत. "बोटांनी तळापर्यंत गेला तरच तो आपला नट. पाना नंतर," हे आपले वाक्य मुलीने तिच्या वहीत लिहून ठेवले आहे. मग गाडीतली पुस्तिका मागवून घेऊन त्यातला आकडा आपण मला वाचायला लावलात: 85 न्यूटन-मीटर. हा आकडा ऐकून काही कळत नाही, हे माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे. तीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे 29 किलो वजन टांगल्यावर जेवढा जोर पडेल तेवढा, असा त्याचा अर्थ आपण सांगितलात. चाक अधांतरी असताना नट समोरासमोर, एकाआड एक असे थोडे थोडे आवळलेत, म्हणजे रिम एका बाजूला कलंडून बसत नाही. आणि गाडी जॅकवरून उतरवून चाक जमिनीवर टेकल्यावर शेवटचा आवळा टॉर्क रेंचने दिलात. आकडा भरला की त्या रेंचमधून 'कट्' असा आवाज येतो. शेवटच्या नटाचा तो आवाज आपण माझ्या हातून काढवलात.

आम्हाला एवढ्यावर निघू देण्यात काही गैर नव्हते, कारण तक्रार त्या एका चाकाचीच होती. आपण मात्र उरलेल्या तिन्ही चाकांच्या टोप्या काढल्यात. तिथे उलटाच प्रकार होता. पुढच्या उजव्या चाकाचे दोन नट इतके आवळलेले होते की पान्याला लांब पाइप जोडूनही आपल्याला त्यावर सारे अंग टाकावे लागले. घाटात चाक पंक्चर झाले असते, तर गाडीतल्या छोट्या पान्याने मी ते नट कधीच सोडवू शकले नसते, आणि डिकीतली स्टेपनी असून नसल्यासारखी झाली असती. प्रमाणाबाहेर आवळलेला नट स्टडला कायमचा ताणून कमकुवत करतो आणि ब्रेकची डिस्कही वाकडी करू शकतो, हेही मला तेव्हाच कळले. एकाच गाडीत एका चाकाचे नट सैल आणि दुसऱ्याचे नको इतके घट्ट असू शकतात, याचे मला फार आश्चर्य वाटले होते. हवेच्या गनने अंदाजाने काम केले तर असेच होते, असे आपण म्हणालात. गन वाईट नव्हे, पण शेवटचा हात मोजून द्यायचा असतो. आपण सोळाही नट सोडवून, बोटांनी तपासून, मोजून पुन्हा आवळलेत.

त्यानंतर आपण मला साखळीपर्यंत एक फेरी मारून परत यायला लावलेत आणि सगळे नट पुन्हा तपासलेत. बेळगावहून परतताना थांबण्याचे वचनही घेतलेत, कारण चाक काढून लावल्यावर 80 ते 100 किलोमीटर गाडी धावली की नट एकदा पाहायलाच हवेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही थांबलो, तेव्हा नव्या स्टडचा नट 'कट्' आवाज येण्याआधी किंचित फिरला. आपण सांगितला होता तसाच तो थोडा बसला होता. घाट उतरताना अंजुणे धरणाचे पाणी दिसले तेव्हा मुलीने विचारले होते की आता चाक ठीक आहे ना, आणि मी "हो" म्हणाले होते. ते "हो" नुसते धीर देण्यासाठी म्हटलेले नव्हते, कारण त्या चाकाचे चारही नट मी स्वतः बोटांनी बसवले होते.

या साऱ्याचे आपण स्टडची आणि नटाची किंमत धरून 450 रुपये घेतलेत. मी आग्रह केला तेव्हा आपण मुलाच्या स्कूटरच्या पेट्रोलचे तेवढे वाढवून घेतलेत आणि ते माझ्यासमोर त्याच्याच हातात दिलेत. तुटलेला स्टड आणि तो परका नट वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मला दिलात. काढलेला भाग मालकाला दाखवून परत द्यायचा, ही आपल्या गॅरेजची रीत आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आईने आपल्याला "देव बरें करूं, पुता" म्हटले, त्यावर आपण फक्त मान लववलीत आणि पुन्हा त्या दुसऱ्या गाडीखाली गेलात. ज्यांची गाडी आमच्यामुळे तीन तास अडकून पडली होती, त्या गृहस्थांचेही आभार मला मानायचे आहेत. ते बाकावर बसून माझ्या मुलीशी गप्पा मारत राहिले आणि एकदाही कुरकुरले नाहीत.

आता गाडी कुठेही सर्व्हिसिंगला दिली तरी ती ताब्यात घेताना मी चाकांच्या टोप्या काढायला सांगते आणि शेवटचा आवळा माझ्यासमोर टॉर्क रेंचने द्यायला लावते. सुरुवातीला मला संकोच वाटे. आता वाटत नाही, आणि नीट काम करणाऱ्या कोणालाही त्याचा राग आलेला मी पाहिलेला नाही. आमच्या शाळेतल्या दोन शिक्षिकांनीही आपापल्या गाडीच्या पुस्तिका उघडून तो आकडा शोधला. एकीच्या गाडीचा आमच्यापेक्षा वेगळा निघाला, त्यामुळे माझा आकडा त्यांना ठोकून दिला नाही हे बरेच झाले.

पुढची सर्व्हिसिंग फेब्रुवारीत येते. म्हापशाहून आपले गॅरेज तसे दूर पडते, तरी रविवार सोडून आपल्याला सोयीचा वार कळवलात तर मी सकाळीच गाडी घेऊन येईन. चवथीच्या नेवऱ्यांचा डबा आईने शेजारच्या मुलाबरोबर पाठवला होता, तो मिळाल्याचे कळले. डबा परत करण्याची घाई करू नये. फेब्रुवारीत मी येईन तेव्हा नेईन.

आपली कृतज्ञ,
म्हापशाची एक शिक्षिका