शेजारच्या पोरीबद्दल

दौंड, रविवार

प्रिय नंदा,

तुझं पत्र वाचल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. तुझ्या भिंतीपलीकडून पट्ट्याचा आवाज येतो, पोर आता रडतसुद्धा नाही, आणि तू विचारतेस, "केडगावला मुक्ती मिशनमध्ये आणून सोडू का?"

असं आणून सोडता येत नाही गं. मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या काळी चालायचं. 1896-97 च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तीनेकशे मुलीबायका घेऊन आल्या. बाईंचे आईवडील 1874 मध्ये उपासमारीनेच गेलेले, ती भूक त्यांच्या ओळखीची. आता आधी 1098 ला, मुलांच्या मदतीच्या नंबरवर, फोन करायचा. मूल ताब्यात घेतलं की 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं; कुठल्या बालगृहात ठेवायचं ते समिती ठरवते. मिशनचं असो की सरकारी, नोंदणी हवीच. आजी, मावशी कुणी सांभाळायला तयार असेल तर बालसंगोपन योजनेतून पैसे मिळू शकतात, तेही विचार.

"बाटवतील का" हेही विचारलंस. बाईंच्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवा-मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेवरून, 1893 मध्ये पुण्यात याच गोष्टीचं रण माजलं होतं. ‘केसरी’ने झोडपलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्मात ढवळाढवळ नाही या भरवशावर पाठवलेल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, पालक बिथरले; मला त्यांचं अगदीच चुकलं असं वाटत नाही. समितीपुढे हे खुशाल बोल. पण त्यापायी फोन लांबवू नकोस.

मी शनिवारी मिशनच्या एका बालगृहात गणित शिकवायला जाते. तिथे नऊ वर्षांची एक आहे. वजाबाकी चुकली की पान फाटेपर्यंत खोडते, मग माझ्या हाताकडे बघत राहते. तोंडाकडे नाही, हाताकडे. जेवणाची घंटा, सकाळची प्रार्थना, सगळं अंगवळणी पडलंय. तरी बोलायला लागली की "घरी गेल्यावर ना बाई..." जिथे चटके बसले त्याच घरी! मे महिना आला की पत्र्याची पेटी भरून दारात बसते. मावशी दोनदा हाक मारतात, तिसऱ्यांदा नुसत्या शेजारी जाऊन बसतात. म्हणून सांगते, तुझ्या त्या पोरीला "चांगल्या ठिकाणी नेतील" असलं काही बोलू नकोस.

आज रात्रीच फोन कर. "माझं नाव बाहेर येऊ देऊ नका" म्हणून बजावून सांग. मारहाणीच्या तारखा, वेळा वहीत टिपून ठेव, तिच्या शाळेचं नावही. गुरुवारी सकाळच्या गाडीने कुर्डुवाडीला उतरते. स्टेशनवर येऊ नकोस, त्या वेळी तू घरीच थांब.

तुझी,
शकू