दहा टक्क्यांच्या आतला खोटेपणा

महोदय,

पीएच.डी.चा प्रबंध सादर करायची वेळ आली की पुण्यात हल्ली एकच प्रश्न कानावर येतो, ‘टक्के किती आले?’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ आहे, त्यापुढे शिक्षेच्या पायऱ्या लागतात. उचलेगिरी कॉपी-पेस्टची होती तोवर हे ठीकच होते. चॅटजीपीटी मात्र दर वेळी नवी वाक्ये जुळवून देतो, मग साम्य निघणार कुठून?

शिवाय एक गोम अशी की, याच नियमांनुसार साम्य तपासताना संदर्भसूची वगळतात. मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, तरी ओळखीची मुले याद्या घेऊन येतात, ‘एवढे लेख मिळवून द्या’ म्हणून. अलीकडे अशाच एका यादीतला लेख हुडकायला बसलो. नियतकालिक खरे, खंड खरा, लेखकही त्याच विषयातला. अंक उघडला तर त्या पानांवर भलताच लेख! चॅटजीपीटी असे नसलेले संदर्भही रचून देतो. मुलीला विचारले, ‘हा वाचलास का?’ ती म्हणाली, ‘काका, सरांनी यादी वाढवायला सांगितली होती.’ आता यात तिला एकटीला काय बोलायचे?

प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीने फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगून टाकले आहे: एआय जबाबदारी घेऊ शकत नाही, म्हणून ते लेखक होऊ शकत नाही; वापरले असेल तर कोणते साधन आणि कसे, ते लेखातच लिहा. तरी २०२४ साली एल्सेव्हिअर या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या एका नियतकालिकात ‘अवश्य, ही घ्या तुमच्या विषयाची संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या, यंत्रानेच दिलेल्या वाक्याने सुरू होणारा लेख छापून आला. परीक्षक आणि संपादक या दोघांच्या हातून तो गेला होता. पुढे तो मागे घ्यावा लागला.

यावर तोडगा म्हणून एआय पकडणारे सॉफ्टवेअर आणून आणखी एक टक्केवारी मात्र मागे लावू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचेच असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केले. त्याच वर्षीच्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राच्या नावावर टाकले होते. म्हणजे बीड-नांदेडहून मराठी माध्यमात शिकून इथे आलेला मुलगा प्रामाणिकपणे लिहूनही अडकायचा. त्याने एआयकडून इंग्रजी नीट करून घेतले तर त्यात गैर ते काय? पूर्वीही आपण कुणाकडून तरी तपासून घेतच होतो. फक्त तसे लिहावे.

पुण्यातल्या विद्यापीठांनी प्रबंधात एआयच्या वापराचे एक पान सक्तीचे करावे आणि त्यावर मार्गदर्शकाचीही सही घ्यावी. तोंडी परीक्षेत सूचीतले कोणतेही चार-पाच लेख काढून ‘यात काय म्हटले आहे?’ एवढे विचारावे. उत्तर आले नाही, तर खुलासा विद्यार्थ्याबरोबर सही करणाऱ्याकडूनही मागावा.

— एक निवृत्त ग्रंथपाल, कोथरूड, पुणे