गोळ्यांचा डबा घरी राहिला

महोदय,

२०१६ साली सासूबाईंनी माझ्या मिस्टरांना मूत्रपिंड दिलं. गेल्या श्रावणात मध्यरात्री यांच्या डाव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला. चादर लागली तरी कळवळत. गाउट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांध्याला येणारी सूज. प्रत्यारोपणानंतरच्या सायक्लोस्पोरीन, टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढू शकतं, हे तेव्हा कळलं.

सकाळी सासूबाई मेडिकलमध्ये गेल्या. दुकानदाराने चिठ्ठी न मागताच डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची पट्टी दिली. हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, आणि दान मिळालेल्या मूत्रपिंडाला तर ते धोक्याचंच. मी परत पाठवली. मग जवळच्या एका डॉक्टरांनी युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल लिहिलं. औषध वाईट नाही. पण मिस्टर ॲझाथायोप्रिन (शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणूनची गोळी) घेत होते. दोन्ही पूर्ण डोसात एकत्र गेली तर अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा भाग) दबते, पांढऱ्या पेशी कोसळतात. डॉक्टरांनी चालू गोळ्या विचारल्या नाहीत, आणि आम्हीही (खरं सांगायचं तर) डबा घरीच विसरलो होतो. नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना) फोन केला म्हणून निभावलं. त्यांनी काही दिवस स्टेरॉइड वाढवून सूज उतरवली, ॲझाथायोप्रिनऐवजी त्याच कामाचं मायकोफिनोलेट सुरू केलं आणि मगच ॲलोप्युरिनॉल, तेही अगदी थोडं.

प्रत्यारोपण केंद्रांनी रुग्णाला घरी सोडताना मराठीत एक कार्ड द्यावं: कुठली वेदनाशामकं नकोत, कुठल्या गोळ्या एकत्र नकोत. आमची फाइल अख्खी इंग्रजीत आहे, आणि मेडिकलमध्ये अजूनही सासूबाईच जातात.

— एक वाचक, कराड