लस डाकेने आली होती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला देवीच्या लशीवरचा लेख वाचला. चित्रं सुरेख. मजकुराचं काय सांगावं! ‘जेनरची लस इंग्लंडहून जहाजाने मुंबईला आली’ एवढ्यात लेखकमहाशयांनी १८०२ साल उरकलं.

अहो, आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून पाठवलेली लस तर वाटेतच निकामी होत होती. आली ती व्हिएन्नाहून, डाकेने. ज्याँ द कारो या डॉक्टराने लशीत भिजवलेले धागे काचांमध्ये ठेवून, वर मेण चढवून बगदादला धाडले. मूळ लस इटलीच्या लोम्बार्डीतल्या गायींच्या देवीची. म्हणजे गायसुद्धा इंग्रजांची नव्हती! बगदाद-बसरा हा तुर्की साम्राज्याच्या पार कडेचा मुलूख, लागून इराण. सुलतानाचा अंमल नावापुरता, कारभार मामलुक पाशांचा, म्हणजे तिथल्या सुभेदारांचा. पण कंपनी सरकारची खुष्कीची डाक त्याच वाटेने जायची आणि दोन्ही शहरांत कंपनीचे वकील बसलेले, म्हणून जमलं. जहाज लागलं ते शेवटच्या टप्प्याला, बसऱ्याहून मुंबईला.

आणि आली ती पोरांच्या दंडांवरून. बगदादेत एका आर्मेनियन मुलाला टोचलं, त्याच्या हातावरची लस बसऱ्याला गेली, तिथे कंपनीच्या डॉक्टराने ती एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत ठेवली. मुंबईत १४ जून १८०२ ला तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला टोचलं. आठवड्याने तिच्या दंडावरची लस आणखी पाच मुलांना. हैदराबाद, कोचीन, मद्रास, थेट म्हैसूर दरबारापर्यंत पोचली ती हिचीच. पोर शांत स्वभावाची होती, अशी डॉक्टरांची नोंदही आहे. तुमच्या पानभर लेखात तिचं नाव नाही. गव्हर्नर डंकनसाहेबांचं मात्र दोनदा.

माझ्या रागाचं कारण घरचं आहे. माझे वडील देवी डॉक्टर, म्हणजे गावोगाव देवीची लस टोचणारे. म्हणायला डॉक्टर, पगार बेताचाच. सायकलला पेटी बांधून वाड्यावस्त्या फिरायचे. ते दिसले की बायका पोरांना घेऊन कणगीमागे लपायच्या. कुणी पुढे येईना, की वडील मला चावडीपुढे उभं करून सगळ्यांदेखत टोचायचे. आई रात्री त्यांच्याशी बोलायची नाही. दोन्ही दंडांवर वण आहेत माझ्या. देवी गेल्यावर जिल्ह्याच्या गावी समारंभ झाला. साहेबांना शाल-श्रीफळ; वडिलांना बसायला खुर्चीसुद्धा नाही, मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. घरी आल्यावर म्हणाले, चहा बरा होता. तुमचा लेख वाचून मला तो मंडप आठवला.

जाता जाता: मागे पाणीपट्टीवर पाठवलेलं माझं पत्र आपण असं कापलंत, की मी दरवाढीच्या बाजूची ठरले. शेजारी अजून टोमणे मारतात. हे पत्र लांबलं आहे, ठाऊक आहे. कापायचंच असेल तर पाशांचा भाग कापावा, अ‍ॅनाचा नको.

आपली,
एक वाचक, सातारा